शेणाचा दगड आणि त्याचा पत्ता

परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाचे छंद साधारण ठरलेले असतात. कुणी नाटकात काम करतं, कुणी ढोल-ताशा पथकात जातं, कुणी परसात अळू आणि कढीपत्ता जगवायचा आटापिटा करतं. मी डेन्व्हरजवळ राहतो आणि शनिवारी सकाळी अश्मीभूत विष्ठा कापतो. हे सांगितलं की समोरचा आधी हसतो, मग हळूच विचारतो, "म्हणजे नक्की काय?" गणपतीच्या कार्यक्रमात तर एका काकूंनी हातातली प्रसादाची वाटी बाजूला ठेवली आणि मगच पुढचं ऐकलं.

तर नक्की काय ते सांगतो. लाखो-कोट्यवधी वर्षांपूर्वी एखाद्या प्राण्याने टाकलेली विष्ठा चिखलात, गाळात दबली जाते. ती कुजण्याआधी पाण्यातली खनिजं तिच्यात शिरतात आणि कालांतराने तिचा दगड होतो. इंग्रजीत त्याला कोप्रोलाइट म्हणतात. ग्रीकमधले दोन शब्द आहेत, शेण आणि दगड. आमच्या घरात सरळ 'शेणाचा दगड' म्हणतात. त्याला वास येत नाही, तो हाताला लागत नाही, आणि नीट कापून घासला तर काचेसारखा चमकतो. अमेरिकेत दगड गोळा करणाऱ्यांचे क्लब गावोगावी आहेत. तिथे निवृत्त शिक्षक, प्लंबर, नर्स, ट्रकचालक असे सगळे येतात. अ‍ॅरिझोनातल्या टूसॉनला दरवर्षी जानेवारीच्या शेवटी आणि फेब्रुवारीत, तर आमच्या डेन्व्हरला सप्टेंबरमध्ये मोठी प्रदर्शनं भरतात. अ‍ॅरिझोनातल्याच विल्यम्स गावात २०२४ मध्ये केवळ अश्मीभूत विष्ठेचं संग्रहालय उघडलं. त्याच्या मालकाच्या नावावर अशा १२७७ नमुन्यांच्या संग्रहाचा गिनेस विक्रम आहे. तेव्हा मी काही एकटाच वेडा नाही.

हसणाऱ्यांबद्दल माझी तक्रार नाही. पण शेणाला नाकं मुरडणं आपल्याला तसं शोभत नाही. ज्यांच्या आजीने अंगण सारवलं, भिंतीवर गोवऱ्या थापल्या आणि त्याच गोवऱ्यांवर दूध तापवलं, त्यांना शेणाची किंमत कुणी वेगळी सांगायला नको. गुराला काय झालंय हे म्हातारा शेतकरी शेण बघून सांगतो. त्याचं दुखणं, त्याने काय खाल्लं, पाणी प्यायलं की नाही, सगळं त्यात दिसतं. कोप्रोलाइटचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ हेच करतात, फक्त गुरू कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेलं असतं.

याची सुरुवात इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, लाइम रेजिस गावात झाली. तिथे मेरी अ‍ॅनिंग नावाची गरीब घरातली बाई समुद्रकड्यातून जीवाश्म काढून विकत असे. इक्थिओसॉर या सागरी सरपटणाऱ्या प्राण्याच्या सांगाड्यात, पोटाच्या जागी, तिला काही विचित्र गोटे वारंवार सापडले. ते फोडले की आत माशांची हाडं आणि खवले दिसत. ऑक्सफर्डचे विल्यम बकलँड यांनी त्यावर विचार केला आणि १८२९ मध्ये हे गोटे म्हणजे विष्ठाच असल्याचं सांगून त्यांना कोप्रोलाइट हे नाव दिलं. बकलँड हे पाद्री होते. त्यांनी कोप्रोलाइटचे काप जडवून एक टेबल करून घेतलं होतं. ते आज लाइम रेजिसच्या संग्रहालयात आहे. म्हणजे कापून चकचकीत करायचा हा नाद शास्त्राइतकाच जुना आहे.

आता ओळखायचं कसं? इथेच खरी गंमत आहे आणि इथेच सगळ्यात जास्त फसवणूक होते. आकार बघून ठरवायचं नाही, हा पहिला नियम. निसर्गात गाळाचे, चुन्याचे, लोखंडाच्या क्षारांचे असंख्य गोळे तयार होतात आणि त्यातले कित्येक हुबेहूब तसे दिसतात. म्हणून एकाऐवजी चार-पाच खुणा एकत्र बघायच्या. वरच्या बाजूला आतड्याच्या दाबाने पडलेले पीळ, घड्या किंवा चिरा आहेत का? एक टोक निमुळतं आहे का? खाली पडताना बसलेला चपटा भाग दिसतो का? दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली हाडांचे कण, माशांचे खवले, दात, लाकडाचे तंतू दिसतात का? आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे तो कुठल्या थरात, कशाच्या सोबत सापडला?

मांसाहारी प्राण्यांच्या विष्ठेत खाल्लेल्या हाडांमुळे फॉस्फेट भरपूर असतं. त्यामुळे ती लवकर दगड बनते आणि टिकते. पालापाचोळा खाणाऱ्यांची विष्ठा फार क्वचित टिकते. शार्क आणि तिच्या काही भाऊबंदांच्या आतड्यात जिन्यासारखी गोल फिरणारी घडी असते, म्हणून त्यांची विष्ठा गुंडाळलेल्या सुरळीसारखी दिसते. ती ओळखायला सोपी, नवशिक्याने तिथूनच सुरुवात करावी. जुने लोक दगडाला जीभ लावून बघतात. हाडासारखा सच्छिद्र दगड जिभेला चिकटतो. पण चिकटला म्हणून काम झालं असं नाही, कारण सच्छिद्र मातीचा गोळाही चिकटतो. चुन्याचा संशय आला तर व्हिनेगरचा थेंब टाकून फेस येतो का ते पाहतात. आणि मूळ पदार्थाची जागा पूर्ण गारेने, म्हणजे सिलिकाने घेतली असेल, तर यातल्या बऱ्याच खुणा पुसल्या जातात. युटाच्या जुरासिक थरांतले लाल-पिवळे रंगीत दगड प्रदर्शनात 'डायनॉसॉरची विष्ठा' म्हणून ढिगाने विकले जातात. त्यांच्याकडे म्हणूनच जरा सावधपणे बघावं.

सोंगाड्या दगडांची दोन उदाहरणं सांगतो. वॉशिंग्टन राज्यात, विल्क्स फॉर्मेशन नावाच्या थरांत, पेस्ट पिळून काढावी तसे पिळदार दगड सापडतात. बघताक्षणी कुणीही म्हणेल की हे तेच. पण त्यात अन्नाचा एक कण सापडत नाही. ते लोखंडाच्या कार्बोनेटचे बनलेले आहेत आणि ते विष्ठा आहेत की गाळातून दाबाने बाहेर आलेला नुसता चिखल, यावर अभ्यासकांचा वाद आहे. तरी २०१४ मध्ये कॅलिफोर्नियात बेव्हर्ली हिल्सला त्यातला ४० इंच लांबीचा एक तुकडा लिलावात दहा हजार डॉलरहून जास्त किमतीला गेला. याच दगडांना दुकानात सर्रास 'डायनॉसॉरचं' म्हटलं जातं. ते थर मायोसीन काळातले, म्हणजे डायनॉसॉर संपल्यानंतर चार कोटींहून अधिक वर्षांनी साचलेले. तेव्हा डायनॉसॉर कुठून येणार?

दुसरं उदाहरण इंग्लंडचंच. डार्विनचे गुरू हेन्स्लो यांनी १८४० च्या दशकात सफोकमधल्या फॉस्फेटच्या गोट्यांकडे लक्ष वेधलं. त्यांना कोप्रोलाइट म्हणून खणून, आम्लात मुरवून त्यांचं खत करायचा मोठा धंदा सफोक आणि केंब्रिजशायरमध्ये उभा राहिला. इप्सविच शहरात आजही कोप्रोलाइट स्ट्रीट आहे. पण त्यातले बहुतेक गोटे विष्ठा नव्हतेच, नुसते फॉस्फेटचे गोळे होते. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. खतासाठी काही बिघडलं नाही, शेतात काय टाकलं ते पिकाला चाललं. पण संग्रहात किंवा अभ्यासात चुकीचं नाव पुढच्या प्रत्येकाला चुकीच्या वाटेने नेतं.

कापण्याबद्दल थोडं सांगतो, कारण भारतातून पाहुणे आले की त्यांना सगळ्यात जास्त कुतूहल त्याचंच असतं. क्लबमध्ये दोन प्रकारच्या करवती असतात. मोठे दगड कापायला स्लॅब सॉ आणि छोट्या कामाला ट्रिम सॉ. करवत म्हटलं तरी पात्याला दात नसतात. कडेला हिऱ्याची बारीक पूड बसवलेली असते आणि ती दगड झिजवत झिजवत आत जाते. मोठी करवत बहुधा तेलावर चालते. कोप्रोलाइट सच्छिद्र असेल तर तेल आत मुरतं आणि डाग पडतो, म्हणून असा तुकडा पाण्यावर कापायचा. भुसभुशीत असेल तर आधी पातळ रेझिन पाजून घट्ट करायचा. तुकडा शिकंज्यात हलणार नाही असा धरायचा आणि घाई करायची नाही. आडवा छेद घेतला तर सुरळीसारख्या नमुन्यात गोल वळसे दिसतात. उभ्या छेदात तेच वळसे एकात एक बसवलेल्या द्रोणांसारखे दिसतात. मग ८०, २२०, ४००, ६०० अशा चढत्या क्रमाने घासायचं आणि शेवटी सिरियम ऑक्साइडने चमकवायचं.

आणि एकाएकी पोट उघडल्यासारखं सगळं दिसायला लागतं. करड्या पार्श्वभूमीवर हाडाचे पांढरट तुकडे असतात, त्यांच्या आतली जाळी भिंगाखाली स्पष्ट दिसते. कधी एखादा गोल, वेगळ्या रंगाचा ठिपका दिसतो, तो शेणातून बोगदा काढत गेलेल्या किड्याचा मार्ग असू शकतो. माझ्या मुलीला शाळेत अन्नसाखळी शिकवली तेव्हा तिने पुस्तकातला बाणांचा तक्ता पाठ केला. ती साखळी तिला कळली मात्र क्लबमध्ये, माशाचा खवला शार्कच्या विष्ठेत बघितला तेव्हा.

तब्येतीचं सांगायला हवं. दगड कोरडा कापू किंवा घासू नये. सिलिकाची धूळ फुप्फुसात गेली की परत निघत नाही. गुजरातेत खंभातला अकिकाचे दगड घासणाऱ्या कारागिरांची सिलिकोसिसने काय दशा झाली ते आपल्या देशाने पाहिलं आहे. पाणी आणि चांगला मास्क हवाच. शिवाय कोलोरॅडो-युटाच्या ज्या जुरासिक थरांत हाडं आणि विष्ठा मिळते, त्याच थरांत युरेनियमही आहे, त्यामुळे काही नमुने किरणोत्सारी असतात. आमच्या क्लबमध्ये गायगर काउंटर ठेवलेला आहे. उशाशी ठेवायची वस्तू आधी त्याच्यापुढे धरावी.

आता मुद्द्यावर येतो. कापावं की कापू नये? मला अनेकदा विचारलं जातं की इतकी जुनी गोष्ट कापणं हे पाप नाही का. माझं मत स्पष्ट आहे. कापणं वाईट नाही. पत्ता पुसून कापणं वाईट.

शास्त्रज्ञही कापतात. कोलोरॅडो विद्यापीठाच्या कॅरेन चिन या विषयातल्या मोठ्या अभ्यासक मानल्या जातात. त्यांनी मोंटानातल्या नमुन्यांचे कागदाहून पातळ छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. शाकाहारी डायनॉसॉर सूचिपर्णी झाडांचं लाकूड खात होते आणि त्यांच्या शेणात शेणकिडे बोगदे काढत होते, हे त्यातूनच समजलं. १९९८ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी कॅनडातल्या सस्कॅचेवानमधल्या ४४ सेंटिमीटर लांबीच्या नमुन्याची माहिती दिली. त्यात एका तरुण शाकाहारी डायनॉसॉरच्या हाडांचा चुरा होता. त्या थरांत तेवढा मोठा मांसभक्षक एकच माहीत असल्यामुळे ती टायरॅनोसॉरस रेक्सची असावी असा निष्कर्ष निघाला. बघा, हा निष्कर्ष दगडातून निघाला नाही. दगड अधिक पत्ता, या बेरजेतून निघाला. तोच तुकडा एखाद्या टोपलीत विनापत्त्याचा पडला असता, तर 'मोठी विष्ठा' यापलीकडे काहीही म्हणता आलं नसतं.

म्हणून मी स्वतःपुरते काही नियम केलेत. कापण्याआधी मोजपट्टी ठेवून सगळ्या बाजूंनी फोटो घ्यायचे. वजन करायचं. नमुन्यावर लहानसा क्रमांक लिहायचा आणि वहीत त्या क्रमांकापुढे जागा, थर, तारीख आणि कुणाच्या परवानगीने घेतला ते लिहायचं. एकच छेद घ्यायचा, अर्धा भाग न घासता तसाच ठेवायचा. उरलेले कपटे डबीत भरून ठेवायचे. आणि लेबलवर जेवढं माहीत आहे तेवढंच लिहायचं. 'मांसाहारी प्राणी, जात अज्ञात' असं लिहिण्यात कमीपणा नाही. ज्याचं एकुलतं एक उदाहरण हातात आहे, ते कापायचं नाही, संग्रहालयाला दाखवायचं.

'कुणाच्या परवानगीने' हे अमेरिकेत महत्त्वाचं आहे, आणि इथे नव्याने आलेल्या आपल्या लोकांना ते माहीत नसतं. सरकारी मोकळ्या जमिनीवर, म्हणजे ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या ताब्यातल्या रानात, फिरताना शंख-शिंपल्यांचे आणि वनस्पतींचे साधे जीवाश्म स्वतःसाठी थोडेफार उचलायला बहुतेक ठिकाणी मुभा आहे. दगड झालेलं लाकूड दिवसाला २५ पौंडांपर्यंत घेता येतं. पण कणा असलेल्या प्राण्यांचं काहीही, मग ते हाड असो, दात असो, पाऊलखूण असो की विष्ठा, परवान्याशिवाय उचलणं गुन्हा आहे. २००९ च्या कायद्याने हे पक्कं झालं. राष्ट्रीय उद्यानात तर कशालाच हात लावायचा नाही. म्हणजे छंदासाठी उरते खासगी जमीन, मालकाच्या परवानगीने, किंवा तशा जमिनीवरून आलेला माल विकणारा प्रामाणिक दुकानदार. सुट्टीत मुलांना घेऊन युटाला जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं. मुलाच्या खिशातला दगड कोणता आहे ते गाडीत बसण्याआधी बघावं.

हे सगळं आज लिहायचं कारण मात्र घरचं आहे. गेल्या सप्टेंबरमध्ये एका प्रदर्शनात, एका टेबलावर तपकिरी रंगाचे, बटाट्याएवढे काही तुकडे मांडले होते. काही अख्खे, काही मधून कापून चमकवलेले. चिठ्ठीवर दोनच शब्द, 'डायनॉसॉर' आणि 'इंडिया'. मी विचारलं, इंडियात कुठे? विक्रेता म्हणाला, "मध्य भारत. मला तेवढंच सांगितलंय." ते तुकडे कुठले होते हे मी सांगू शकत नाही, आणि सांगता येत नाही हीच माझी तक्रार आहे. पण मी नागपूरचा. 'मध्य भारत' आणि 'शेणाचे दगड' हे शब्द एकत्र ऐकले की माझ्या डोळ्यांपुढे एकच गाव येतं, पिसदुरा.

पिसदुरा चंद्रपूर जिल्ह्यात, वरोरा तालुक्यात आहे. तिथली डायनॉसॉरची हाडं एकोणिसाव्या शतकापासून माहीत आहेत. स्टीफन हिस्लॉप हे नागपूरचे मिशनरी भूविज्ञानातही रमलेले होते, त्यांचं नाव याच्याशी जोडलेलं आहे. आम्ही नागपूरकर हिस्लॉप कॉलेजच्या फाटकासमोरून हजार वेळा जातो, पण हा माणूस आपल्या मातीतले जीवाश्म गोळा करायचा हे कुणी सांगत नाही. १९३९ मध्ये मॅटली यांनी पिसदुऱ्याच्या कोप्रोलाइटवर स्वतंत्र लेख लिहून त्यांचे प्रकार पाडले. लॅमेटा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या थरांतले हे दगड साडेसहा कोटी वर्षांहून जुने आहेत. शेतात, लाल मातीत, ते उघड्यावर मिळतात. त्यातले मोठे तुकडे टायटनोसॉर या लांब मानेच्या शाकाहारी डायनॉसॉरचे असावेत असं मानलं जातं. आणि शाकाहारी विष्ठा क्वचित टिकते हे वर सांगितलंच आहे. म्हणजे ही चंद्रपूरची मातीच दुर्मीळ आहे.

या दगडांनी काय केलं ते ऐका. २००५ मध्ये लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद, स्वीडनमधल्या कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा लेख 'सायन्स' या नियतकालिकात आला. त्यांना पिसदुऱ्याच्या कोप्रोलाइटमध्ये गवताचे फायटोलिथ सापडले होते. गवत जमिनीतून सिलिका शोषून पेशींमध्ये साठवतं. भाताच्या पात्याने बोट कापतं ते त्याच्यामुळेच. पातं कुजलं तरी पेशीच्या आकाराचा तो सूक्ष्म काचेचा कण उरतो आणि त्याच्या आकारावरून गवताचा गट ओळखता येतो. तोवर समजूत अशी की गवताचा पसारा डायनॉसॉर गेल्यानंतरचा. शाळेच्या पुस्तकांतल्या चित्रांत डायनॉसॉरच्या पायाखाली गवत काढलं तर ती चूक धरली जायची. पिसदुऱ्याच्या शेणाने ती समजूत मोडली. डायनॉसॉर गवत खात होते, तेही एक-दोन नव्हे, निदान पाच प्रकारचं. पुढे २०११ मध्ये याच भागातल्या नमुन्यांवरून भाताच्या कुळाचं मूळ डायनॉसॉरच्या काळापर्यंत मागे जातं असं दाखवलं गेलं. आपल्या ताटातल्या भाताच्या कुळाचा इतका जुना पुरावा विदर्भातल्या एका गावच्या शेणात मिळाला. ही गोष्ट किती मराठी शाळांमध्ये सांगितली जाते?

आता ते टेबलावरचे चमकवलेले तुकडे आठवा. फायटोलिथ भिंगाखाली दिसत नाहीत. त्यासाठी नमुन्याचा अंश आम्लात विरघळवून सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं, आणि नमुना कुठल्या शेतातला, कुठल्या थरातला ते नेमकं माहीत असावं लागतं. दोन शब्दांच्या चिठ्ठीचा दगड कितीही सुंदर चमकला, तरी त्याच्याकडून आता काही कळणार नाही.

यावर एक प्रतिवाद होतो आणि तो अगदीच पोकळ नाही. लोक म्हणतात, शेतात पडलेला दगड नांगराखाली फुटणार, उन्हापावसाने भुगा होणार. त्यापेक्षा कुणाच्या कपाटात राहिला तर काय वाईट? वरोऱ्याजवळच्या माझ्या आत्याला फोनवर हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "अरे, दगडच तं आहे तो. त्याच्यासाठी कायले एवढा जीव जाळतं?" तिचं बरोबर आहे. ज्याचं पोट कापसावर आहे, त्याच्या शेतात दगड म्हणजे अडचण. कुणी येऊन दहा-वीस रुपये देऊन पोतं भरून नेलं तर तो का नाही म्हणेल? हौशी माणसांनी वाचवलेल्या जीवाश्मांची यादी मोठी आहे, मेरी अ‍ॅनिंगही काही प्राध्यापक नव्हती. उचलणाऱ्याने जागा लिहून ठेवली असती, नमुना जवळच्या विद्यापीठाला दाखवला असता, तर मी त्याचे आभारच मानले असते. पण पोत्यातून बाजारात गेलेला दगड वाचलेला नसतो. तो शेतात फुटला असता तर निदान त्याचे तुकडे त्याच शेतात राहिले असते.

कायदा यावर पुरेसा बोलत नाही. भारताच्या खाण मंत्रालयाने २०२२ मध्ये भूवारसा स्थळं आणि भू-अवशेषांच्या जतनासाठी विधेयकाचा मसुदा लोकांपुढे ठेवला होता. अशा कायद्याची गरज आहेच. फक्त तो करताना गावकऱ्याला चोर ठरवून चालणार नाही. गुजरातेत बालासिनोरजवळ रैयोलीला डायनॉसॉरचं उद्यान आणि संग्रहालय झालं, लोक तिथे मुद्दाम जातात. आपल्याकडे गडचिरोलीत सिरोंचाजवळ वडधमला जीवाश्म उद्यान आहे. दगड गावात राहिला तर गावाला चार पैसे मिळतात, हे दिसलं तरच तो गावात राहील.

मग आपण, इतक्या दूर बसलेल्यांनी, काय करायचं? माझ्या मते चार गोष्टी हातातल्या आहेत. पहिली, परदेशातल्या कुठल्याही दुकानात किंवा प्रदर्शनात भारतीय जीवाश्म दिसला तर जागा विचारा. सांगता आली नाही तर घेऊ नका, 'आपल्या मातीची आठवण' म्हणून तर मुळीच नका. गिऱ्हाईक नाही म्हटल्यावर पोती भरणारेही कमी होतात. दुसरी, सुट्टीला गावी गेल्यावर कुणी प्रेमाने असा दगड हातात ठेवला, तर बॅगेत टाकण्याऐवजी फोटो घ्या, जागा लिहून घ्या आणि नागपूर-चंद्रपूरच्या कॉलेजातल्या भूविज्ञान विभागाकडे पोचवा. तिसरी, मुलांना हा छंद जरूर लावा, पण करवतीच्या आधी वही द्या. ज्या देशात राहतो तिथले नियम पाळून, तिथले दगड, तिथल्या क्लबात.

चौथी गोष्ट आपल्या महाराष्ट्र मंडळांसाठी. दरवर्षी आपण गावाकडच्या शाळांना संगणक, दप्तरं, पाण्याचे फिल्टर देतो. ते द्यावंच. त्यासोबत पिसदुऱ्याच्या परिसरातल्या एका शाळेला एक काचेचं कपाट, दोन सूक्ष्मदर्शक आणि मराठीत छापलेला एक मोठा तक्ता दिला तर खर्च एका दिवाळी कार्यक्रमाच्या जेवणाइतकाही येणार नाही. कपाटात त्याच शिवारातले दगड, प्रत्येकाखाली शेताचं नाव, सापडल्याची तारीख आणि सापडलेल्या मुलाचं नाव. पोतं घेऊन येणाऱ्याला मग ती मुलंच विचारतील, "काका, कशाले पायजे? पत्ता लिहून घेतला का?"

आमच्या मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी हा प्रस्ताव मांडणार आहे. हसतील, याची खात्री आहे. त्या काकूही असतीलच. या वेळी मी शार्कच्या विष्ठेचा एक काप सोबत नेणार आहे, लेबलसकट. प्रसाद वाटून झाल्यावरच काढीन म्हणतो.